दुधातली प्रथिनं आणि फळमाशी : पॅराक्वॉटमधून माशी वाचली, पण कशामुळे?

शेवंती

फळमाशीच्या खाद्यात दुधातलं प्रथिन, म्हणजे केसीन किंवा व्हे, मिसळायचं, काही दिवस तेच खाऊ घालायचं, मग पॅराक्वॉट नावाचं विष द्यायचं आणि कोण किती तास तग धरतं ते मोजायचं. या धर्तीचे प्रयोग हल्ली वाचनात येतात. दुधातल्या प्रथिनांनी माश्या जास्त टिकल्या की बातमीचा मथळा ठरलेला असतो, 'दूध म्हणजे अँटिऑक्सिडंट'. ही उडी मला फार खटकते. प्रयोग खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण माशी वाचली यावरून ती कशामुळे वाचली हे कळत नाही, आणि खरं विज्ञान त्या 'कशामुळे'मध्येच आहे. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. पॅराक्वॉट हे तणनाशक. पेशीत शिरलं की ते इलेक्ट्रॉन उचलतं आणि ऑक्सिजनला देतं, पुन्हा उचलतं, पुन्हा देतं. दर फेरीत सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप, तयार होतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी, हे एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि कॅटलेज त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतं. तेवढ्यात मोकळं लोह भेटलं तर मात्र पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल होतं, आणि ते समोर येईल त्याची नासधूस करतं, मग चरबी असो, प्रथिनं असोत की डीएनए. निर्मिती जास्त आणि निचरा कमी, ही स्थिती म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. एसओडी पूर्ण निकामी असलेल्या माश्या १९८९ मध्येच तपासल्या गेल्या. त्यांना पॅराक्वॉट अजिबात सोसत नव्हतं आणि एरवीचं आयुष्यही खूप तोकडं होतं. त्यामुळे ही चाचणी निरर्थक नाही.

माझा मुद्दा खाद्याबद्दल आहे. खाद्यात केसीन घातलं की त्याच वेळी तीन-चार गोष्टी बदलतात. प्रथिन वाढतं, प्रथिन आणि साखर यांचं गुणोत्तर बदलतं, चव बदलते, आणि चव बदलली की माशी किती खाते तेही बदलतं. यातलं गुणोत्तर सगळ्यात महत्त्वाचं. २००८ मध्ये ली, सिम्पसन, राउबेनहायमर आदींनी यीस्ट आणि साखर यांचं प्रमाण बदलत २८ प्रकारचं खाद्य माश्यांना दिलं. सर्वांत जास्त आयुष्य मिळालं ते १ भाग प्रथिनाला १६ भाग कर्बोदकं असताना. आयुष्यभरात सर्वांत जास्त अंडी मिळाली ती १ ला ४ असताना. म्हणजे भरपूर प्रथिन खाणारी माशी अंडी जास्त घालते आणि लवकर मरते. लिंडा पार्ट्रिज यांच्या गटानं २००५ मध्ये दाखवलं होतं की माशीचं आयुष्य नुसत्या कॅलरींवर ठरत नाही. त्याच गटानं २००९ मध्ये कमी खाद्यावरच्या, दीर्घायुषी माश्यांना आवश्यक अमिनो आम्लं वरून दिली. अंडी वाढली, आयुष्य घटलं. त्यातलं एकटं मेथिओनिन दिलं तेव्हा अंडी वाढली आणि आयुष्य मात्र घटलं नाही.

आता केसीनचा प्रयोग यापुढे ठेवून पाहा. केसीन घातल्यानं माशी पॅराक्वॉटमधून दोन दिवस जास्त जगली, तर ते केसीनच्या अंगच्या गुणामुळे, की आधीच्या खाद्यात प्रथिन कमी पडत होतं ते भरून निघालं म्हणून? उपाशी माणसाला कुठलंही पोटभर जेवण दिलं तरी तो सुधारतो, त्यावरून त्या जेवणातली भाजी औषधी ठरत नाही. तेवढंच प्रथिन सोयाबीनमधून किंवा यीस्टमधून दिलं असतं तर? ही तुलना नसेल तर दुधाचं नाव मथळ्यात घेण्याचा अधिकार त्या प्रयोगाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकणकडा

ताई, आमच्या हापूसमध्ये अळी पाडते ती फळमाशी हीच का? आम्ही तिच्यासाठी बागेत रक्षक सापळे लावतो. तिला दूध पाजून काय कळणार, असा प्रश्न घरात पडलाय.

शेवंती

नाही काका, ती वेगळी. आंब्यातली माशी बॅक्ट्रोसेरा. ती पिकत आलेल्या चांगल्या फळात अंडी घालते, आणि तुमच्या सापळ्यातल्या मिथाईल युजेनॉलला तिचे नर भुलतात. प्रयोगशाळेतली माशी म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर, केळं जास्त पिकलं की त्यावर घोंघावणारं लाल डोळ्यांचं चिलट. कुळंच वेगळी आहेत दोघींची.

पण तुमच्या प्रश्नात एक मोलाची गोष्ट आहे. हे चिलट सडत्या फळावर येतं ते मुख्यतः त्यावर वाढलेल्या यीस्टसाठी. यीस्ट हेच त्याचं प्रथिन, बी जीवनसत्त्वं आणि स्टेरॉल. कीटकांना स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. दूध त्याच्या निसर्गातल्या आहारात कधीच नव्हतं. म्हणून यीस्ट काढून केसीन घालणं ही साधी अदलाबदल नव्हे. यीस्टबरोबर बाकीचं सगळंही निघून जातं आणि ते वेगळं भरावं लागतं. जेम्स सँग यांनी १९५६ मध्ये माशीच्या गरजा मोजल्या तेव्हा प्रथिन केसीनमधून दिलं होतं, पण स्टेरॉल, जीवनसत्त्वं, न्यूक्लिक आम्लं हे सगळं सोबत हिशेबानं घातलं होतं.

दुधगंगा

दुग्धतंत्रज्ञानात आयुष्य गेलं, म्हणून दुधाच्या बाजूनं थोडं. 'दुधातलं प्रथिन' ही एक वस्तू नाही. गाईच्या दुधात साधारण ३.३ टक्के प्रथिन, म्हशीच्या थोडं जास्त. त्यातलं सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हेमधली प्रथिनं, म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन, थोडं सीरम अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिनं, अगदी थोडं लॅक्टोफेरिन. आम्लता पीएच ४.६ च्या आसपास गेली की केसीन साकळतं, व्हेची प्रथिनं पाण्यात राहतात. श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली जे हिरवट-पिवळं पाणी गळतं, ते व्हे. अर्थात दही लावण्याआधी दूध उकळलेलं असतं. उष्णतेनं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडून केसीनला चिकटतं आणि चक्क्यातच राहतं. पनीरचंही तसंच. रेनेट हे दूध साकळवणारं एन्झाइम घालून चीज करतात तिथे दूध इतकं तापवत नाहीत, म्हणून चीजच्या व्हेत प्रथिन खरोखर असतं, आणि डब्यातली व्हे पावडर मुख्यतः तिथूनच येते.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या दृष्टीनं या दोघांचे स्वभाव वेगळे. केसीनमध्ये फॉस्फेट लागलेले सेरीन आहेत, ते कॅल्शियम धरतात, लोहही धरतात. पचनात त्याचे तुकडे झाले तरी फॉस्फेटवाले तुकडे धातू पकडून ठेवू शकतात. लॅक्टोफेरिनचा एक रेणू लोहाचे दोन आयन घट्ट धरतो. शेवंतीताईंनी वर लिहिलंय की मोकळं लोह भेटलं तर पेरॉक्साइड घातक होतं, म्हणजे लोह बांधून ठेवणं हाही एक बचावच. व्हेचं बलस्थान दुसरं, सिस्टीन हे अमिनो आम्ल. व्हेच्या प्रथिनात ते २ टक्क्यांच्या आसपास, केसीनमध्ये जेमतेम ०.३ ते ०.४.

तेव्हा कुणी 'मिल्क प्रोटीन दिलं' एवढंच लिहिलं तर माझा पहिला प्रश्न, कुठलं? आम्लानं साकळवलेलं केसीन, सोडियम केसिनेट, व्हे कॉन्सन्ट्रेट, की सरळ दूध पावडर?

पहाटवारा

म्हणजे आम्ही व्यायामानंतर व्हे घेतो ते बरोबर म्हणायचं? आमचे प्रशिक्षक सांगतात की त्यानं ग्लुटाथायोन वाढतं.

शेवंती

पहाटवारा, तुमच्या प्रशिक्षकांच्या म्हणण्याला आधार आहे, पण तो माशीतून आलेला नाही. ग्लुटाथायोन हे पेशीनं स्वतः बनवलेलं अँटिऑक्सिडंट, तीन अमिनो आम्लांचं, ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसिन. बहुतेकदा कमी पडतं ते सिस्टीन. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गुस्ताव्हो बूनूस आणि फिल गोल्ड यांनी १९८० च्या दशकात उंदरांना न शिजवलेलं, न उलगडलेलं व्हे दिलं आणि पेशींतलं ग्लुटाथायोन केसीनवर वाढवलेल्या उंदरांपेक्षा जास्त आढळलं. व्हे आणि ग्लुटाथायोन ही जोडी तिथून प्रसिद्ध झाली.

माशीत गोष्ट वेगळी आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच. आपल्या शरीरात वापरून झालेलं ग्लुटाथायोन परत कामाला लावतं ते ग्लुटाथायोन रिडक्टेज नावाचं एन्झाइम. फळमाशीकडे हे एन्झाइमच नाही. २००१ मध्ये दाखवलं गेलं की तिथे ते काम थायोरेडॉक्सिन या दुसऱ्या प्रथिनाची यंत्रणा करते. त्यामुळे व्हे दिल्यावर माशीत ग्लुटाथायोन वाढलेलं दिसलं तरी ते माणसात त्याच वाटेनं होईल असं गृहीत धरता येत नाही. उलट बाजूही सांगते. ग्लुटाथायोन बनवणारं एन्झाइम चेतापेशींत जास्त तयार होईल अशी व्यवस्था २००५ मध्ये ऑर आणि सहकाऱ्यांनी केली, तेव्हा माश्यांचं आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढलं. म्हणजे माशीलाही ग्लुटाथायोन उपयोगी आहेच. फक्त त्याच्या पुनर्वापराचा रस्ता निराळा.

तुमच्या व्हेबद्दल सल्ला द्यायचा तर तो आहारतज्ज्ञांनी द्यावा, स्नायूंच्या हिशेबानं द्यावा. माशीच्या नावानं कुणी डबा विकत असेल तर घेऊ नका.

रानवाट

मला मुळात हा सगळा खटाटोप पटत नाही. माणसांवरचा मोठा अभ्यास उपलब्ध आहे की. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या मायकेलसन यांनी २०१४ मध्ये ६१,४३३ स्त्रिया आणि ४५,३३९ पुरुष यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जास्त दूध पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त, स्त्रियांत हाडं मोडण्याचंही जास्त. दूध रक्षण करतं म्हणणाऱ्या माश्या आणि दूध पिऊन लवकर जाणारी माणसं, यांतलं आपण कुणाचं ऐकायचं? मी स्वतः दूध सोडलं आहे, जनावरांच्या काळजीपोटी, आणि मला ते आरोग्याच्याही दृष्टीनं योग्य वाटतं.

दुधगंगा

रानवाट, जनावरांच्या काळजीपोटी दूध सोडलंत याचा आदर आहे, त्यावर वाद नाही. पण तो स्वीडनचा अभ्यास आपल्या धाग्याला पूरक आहे, विरोधी नाही. त्यात दह्यासारखे आंबवलेले पदार्थ आणि चीज खाणाऱ्यांत उलटा कल दिसला. प्रथिन तर दोन्हीकडे आहे. म्हणून संशोधकांनी बोट ठेवलं ते प्रथिनावर नाही, दुधातल्या साखरेवर. लॅक्टोज पचलं की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. आंबवताना त्यातलं काही जिवाणू वापरतात, चीजमध्ये बरंचसं व्हेबरोबर निघून जातं.

शेवंती

अगदी हेच. आणि गॅलॅक्टोजचा संशय आला कुठून? डी-गॅलॅक्टोज देऊन उंदीर आणि माश्या लवकर म्हाताऱ्या करण्याचे प्रयोग आधीपासून चालत आले आहेत, त्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा वाढतात. स्वीडनचा अभ्यास निरीक्षणाचा आहे, दूध पिणारे आणि न पिणारे इतरही शेकडो बाबतींत वेगळे असतात, हे त्यांनीही मांडलं आहे.

पण यावरून प्रयोगासाठी एक पक्का धडा मिळतो. स्किम मिल्क पावडरीत निम्म्याहून अधिक वजन लॅक्टोजचं असतं. ती माशीला दिली तर आपण एकाच चमच्यात संभाव्य बचाव आणि संभाव्य त्रास दोन्ही घातले. निकाल काहीही आला तरी तो प्रथिनाचा म्हणता येणार नाही.

रानवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मी माशीचं ऐकते ते 'दूध प्यावं का' यासाठी नाही. माणसाचं एक जनुक बंद करून, एकच अमिनो आम्ल काढून, जन्मापासून मरेपर्यंत पाहता येत नाही. माशीत ते दोन-तीन महिन्यांत होतं. २०१४ मध्ये पायपर यांच्या गटानं तर असं खाद्य तयार केलं की ज्यात प्रत्येक घटक शुद्ध आणि मोजून घातलेला आहे, यीस्ट नाही, केसीनही नाही. 'कशामुळे' या प्रश्नाला माशी उत्तर देऊ शकते. 'किती कप' याला नाही.

आकडेमोड

संख्याशास्त्राच्या अंगानं एक जुनी गोष्ट, कारण ती या विषयातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी असं मला वाटतं. डेन्हम हार्मन यांनी १९५६ मध्ये म्हातारपणाचा मुक्त मूलकांचा सिद्धान्त मांडला, म्हणजे वर आलेल्या सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल यांसारख्या रॅडिकलांच्या नासधुशीनं म्हातारपण येतं असा. १९९४ मध्ये ऑर आणि सोहल यांनी एसओडी आणि कॅटलेज या दोन्ही जनुकांच्या जादा प्रती माशीत घातल्या, आयुष्य एक तृतीयांशापर्यंत वाढलं. मोठी बातमी झाली. नंतर २००३ मध्ये त्याच ऑर आणि सोहल यांच्या गटानं मुळातच दीर्घायुषी असलेल्या वाणांत हीच एन्झाइमं वाढवून पाहिली. आयुष्य वाढलं नाही. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी परीक्षा घ्यायला धैर्य लागतं, मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे.

आपल्यापुरता अर्थ असा की तुलनेतल्या माश्या मुळात अशक्त असतील तर काहीही दिलं तरी फरक दिसतो. नियंत्रण गटातल्या माश्या २५ अंशांना ३० दिवसांतच मरत असतील तर मी पुढचं वाचत नाही. आणि एका कुपीतल्या २० माश्या म्हणजे २० स्वतंत्र नोंदी नव्हेत. त्या एकच खाद्य खातात, एकाच बुरशीला तोंड देतात.

पिंपळपान

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या एमएस्सीला आहे, प्रकल्पासाठी नेमका हाच विषय घ्यायचा विचार होता. आमच्याकडे रवा, गूळ, अगर आणि बुरशी धरू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल घालून खाद्य करतात. त्यात केसीन घालून पॅराक्वॉट द्यायचं, एसओडी, कॅटलेज आणि एमडीए (चरबीच्या नासधुशीची खूण) मोजायचं, असं ठरवलं होतं. हा धागा वाचून घाबरले आहे. काय बदलू?

शेवंती

पिंपळपान, घाबरू नकोस, विषय चांगला आहे. रवा-गूळ-अगर हे म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला केंद्रात वर्षानुवर्षं वापरलेलं खाद्य आहे, लिटरला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर. त्यावर माश्या उत्तम वाढतात. आपल्याकडे खाण्याच्या पदार्थांची माशीवर परीक्षा घेण्याची परंपराही आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्र संशोधन संस्थेत रोटेनोन हे कीटकनाशक दिलेल्या माश्यांवर ब्राह्मीचा परिणाम पाहिला गेला, बनारस हिंदू विद्यापीठात लखोटिया यांच्या गटानं २०१२ मध्ये आमलकी रसायन आणि रससिंदूर या आयुर्वेदिक औषधांचा. ते लेख काढून वाच, नियंत्रण गट कसे ठेवले तेवढ्यासाठी तरी.

गट निदान चार ठेव. नुसतं खाद्य, खाद्य अधिक केसीन, खाद्य अधिक व्हे, आणि खाद्य अधिक तेवढ्याच प्रथिनाचं सोया आयसोलेट, म्हणजे सोयाबीनमधून वेगळं काढलेलं प्रथिन. तेवढंच म्हणजे पावडरीचं वजन नाही, प्रथिनाचं वजन. डब्यावरचा आकडा पाहून हिशेब कर. चव घातलेली, गोडी घातलेली, एन्झाइम घातलेली पावडर नको. एवढ्यानं 'प्रथिन वाढलं म्हणून' आणि 'दुधाचं होतं म्हणून' हे वेगळं करता येईल. जमलं तर पाचवा गट, व्हेमध्ये असेल तितकंच सुटं सिस्टीन दिलेला.

नर आणि माद्या वेगळ्या ठेव. मादी अंडी घालते, तिला प्रथिन जास्त लागतं, ती जास्त खाते. एकत्र ठेवलंस तर प्रथिनाचा परिणाम अंड्यांच्या आड लपेल. अंडी मोजायचीच, आयुष्याबरोबर ती संख्या नसेल तर अर्धं चित्र.

आता सर्वांत कळीचं. किती खाल्लं ते मोज. पॅराक्वॉट साखरेच्या पाण्यात, साधारण ५ ते २० मिलीमोलर, फिल्टर पेपरवर देतात. माशी ते पिते म्हणून ते पोटात जातं. केसीन खाऊन आलेली माशी कमी भुकेली असेल, तर ती ते पाणी कमी पिईल आणि जास्त जगेल. तिला कुणी वाचवलं नाही, तिनं विषच कमी घेतलं. मुंबईच्या टीआयएफआर या टाटा संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकापासून माशीच्या चवीचा आणि वासाचा अभ्यास केला, चव न कळणारे वाण शोधले. माशी चवीच्या बाबतीत चोखंदळ आहे हे त्या कामातून स्पष्ट दिसतं. म्हणून पॅराक्वॉट देण्याआधी सगळ्या गटांना सारखाच वेळ उपाशी ठेव, आणि त्याच पाण्यात निळा खाद्यरंग घालून वेगळ्या माश्यांवर किती प्यायलं ते वर्णमापकावर वाच. २००७ ची केशनलिकेची पद्धत, म्हणजे बारीक नळीतून माशी किती प्यायली ते थेट मोजणं, आणखी नेमकी, पण तिला सवय लागते. शिवाय पॅराक्वॉट न घातलेलं साखरपाणी दिलेला एक गट हवा, म्हणजे उपासानं मेल्या की विषानं हे कळेल.

मोजमापांचं म्हणशील तर एमडीए रंगावरून मोजणारी टीबीए चाचणी गुळातल्या साखरेनंही रंग देते. माशीच्या पोटात गूळ असतो. चिरडण्याआधी तिला थोडा वेळ नुसत्या अगरवर ठेव. एसओडी वाढलं म्हणजे चांगलं झालं असं लगेच लिहू नकोस, ताण वाढला म्हणूनही शरीर ते वाढवतं. त्याच माश्या किती वर चढतात ती चाचणी सोबत ठेव, ती फुकट आहे आणि खूप सांगते.

आणि पॅराक्वॉट हाताळताना हातमोजे, चष्मा, मार्गदर्शक शेजारी. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही.

आकडेमोड

कुप्यांवर गटाचं नाव लिहू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी अंक घालायला सांग आणि मेलेल्या माश्या मोजताना तुला गट माहीत नसू दे. गटामागे कुप्या वाढव, कुपीतल्या माश्या नाही.

दुधगंगा

पिंपळपान, तुझ्या खाद्यात एक अडचण येणार. केसीन पाण्यात विरघळत नाही. सोडियम केसिनेट विरघळतं, पण तू शेवटी प्रोपिऑनिक आम्ल घालणार, खाद्याची आम्लता ४.६ च्या आसपास किंवा खाली जाणार आणि केसिनेट तिथल्या तिथे साकळून गुठळ्या होणार. गुठळ्या तळाशी बसल्या तर माशी वरवर चाटते तिथे प्रथिनच नसेल, आणि तुला वाटेल केसीनचा काही परिणाम नाही.

पिंपळपान

मग आम्लच घातलं नाही तर? दर दोन दिवसांनी खाद्य बदलेन.

दुधगंगा

गूळ आणि दूध एकत्र, पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरेल. त्यापेक्षा केसिनेट आधी थोड्या पाण्यात पूर्ण भिजवून घे, शिजलेलं खाद्य ६० अंशांच्या आसपास आलं की ते घाल, आम्ल थेंब थेंब आणि सतत ढवळत. साकळेल, पण बारीक कण होतील. मग अगर धरायला लागेपर्यंत ढवळत राहा आणि लगेच कुप्यांत ओत, म्हणजे कण खाली बसायला वेळ मिळणार नाही. व्हेच्या आणि सोयाच्या गटालाही हीच कृती, तितकंच ढवळणं. केसिनेटबरोबर सोडियम जातं, तेवढं मीठ बाकीच्या गटांत घाल. पहिल्या खेपेची एक कुपी फोडून वरच्या आणि खालच्या थरातलं प्रथिन वेगवेगळं मोज, सारखं आलं तरच पुढे जा.

पिंपळपान

हे सगळं मार्गदर्शकांना दाखवते. सोया आयसोलेटचं आणि वरच्या-खालच्या थराचं कुणी आधी बोललंच नव्हतं. पहिली खेप झाली की थरांचे आकडे इथेच टाकेन.